मैत्रिणीच्या घरात शिरायची वाट

त्या मोठ्या इस्पितळात कुठल्याही फोनवरून नऊ आकडा दाबला की पलीकडून एकच शब्द यायचा, "बोला." नुसतं बोला. नमस्कार नाही, इस्पितळाचं नाव नाही, आपली काय सेवा करू वगैरे तर मुळीच नाही. नव्या साहेबांनी एकदा एक लांबलचक वाक्य छापून पाठवलं होतं, प्रत्येक फोनला ते म्हणायचं म्हणून. बाईंनी ते शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं ऐकेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जायचा." विषय तिथेच मिटला.

फोन जोडून देणाऱ्या या बाईंना सगळे नऊताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदांवर होतं आणि तिथे ते सुखरूप होतं. नऊताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही गोष्ट लपवून ठेवून मग हळूच उलगडून दाखवणाऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. इस्पितळातल्या सगळ्या खोल्यांचे नंबर त्यांच्या बोटांत होते आणि सगळे आवाज कानांत. कुठला डॉक्टर खरंच ऑपरेशनमध्ये आहे आणि कुठला कँटीनमधून खालच्या आवाजात "ऑपरेशनमध्ये आहे म्हणून सांगा" म्हणतोय, हे त्यांना कपबशीच्या किणकिणाटावरून कळायचं. "डॉक्टरांच्या नाकी नऊ आणते, म्हणून हिला नऊताई म्हणतात," असं त्यांचा नवरा पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे दरवेळी हसत, म्हणून तोही दरवेळी सांगायचा.

नवरा बॅगा दुरुस्त करायचा. घराच्या खालीच गाळा होता, त्यात निखळलेली चाकं, तुटलेल्या चेन आणि मालक न आलेल्या सुटकेसांचा ढीग. माणूस अबोल, पण बायकोच्या बाबतीत भलताच हळवा. नऊताईंच्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा एक आवाज होता. सवयीने नऊताईंनी त्याचा वेग इतका वाढवला होता की दुसऱ्या कुणाला तो कढईत मोहरी तडतडल्यासारखाच ऐकू यायचा. नवऱ्याने त्याचं नाव बडबड्या ठेवलं होतं. जेवताना बडबड्या चालू असला तर तो म्हणायचा, "अगं, त्याला म्हणावं जरा श्वास घे, मरेल बिचारा."

नकाशाबाईंशी त्यांची मैत्री झाली ती भांडणाच्या इराद्यातून. एका दुपारी बायकांच्या वॉर्डातली लाइन उगाच उघडी राहिली होती. कुणीतरी रिसीव्हर नीट ठेवला नव्हता आणि बाकीचे फोन अडकत होते. नऊताई झाडायच्या तयारीने लाइनवर गेल्या, तर पलीकडे एक बाई खणखणीत आवाजात पुस्तक वाचत होती. समुद्रप्रवासाचं पुस्तक. जहाज, वादळ, शिडं, सगळं. पाय प्लास्टरमध्ये अडकलेली ही भूगोलाची शिक्षिका कंटाळा घालवायला अख्ख्या वॉर्डाला वाचून दाखवत होती, आणि रिसीव्हर पलंगावर पालथा पडला होता. नऊताईंनी ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. बाकीचे फोन दुसऱ्या लाइनींवरून फिरवत त्यांनी ती सबंध दुपार ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डात फोन लावून सरळ विचारलं, "काल जहाज बुडायला आलं आणि तुम्ही पुस्तक मिटलंत. ही काय पद्धत झाली?"

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. विद्यार्थ्यांनी नकाशाबाई हे नाव पाडलेल्या या बाई पाय बरा झाल्यावर घरी कॅसेटवर वाचू लागल्या, मग सीडीवर. ऐकणारे वाढत गेले. सगळे नऊताईंसारखे, नाहीतर उतारवयात नजर गेलेले. शेवटी नकाशाबाईंनी कोठीच्या खोलीत, चपलांच्या फळीच्या वर, एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून बसवून घेतला. तो अहोरात्र चालू असायचा आणि दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. त्याच्यात सगळी पुस्तकं. ऐकणाऱ्यांनी आपापल्या फोनवरून तिथे जायचं, कप्प्यातून पुस्तक निवडायचं आणि ऐकायचं.

कामं न ठरवता वाटली गेली होती. नकाशाबाई कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून वाचायच्या, कारण तिथे आवाज घुमत नाही. नऊताई प्रत्येक प्रकरण लोकांकडे जाण्याआधी ऐकायच्या आणि चुका पकडायच्या. ओळ गळली, पान फडफडलं, शेजारचा कुत्रा मध्येच भुंकला. नव्या ऐकणाऱ्याला फोन करून कसं ऐकायचं ते शिकवणं, शिवणवाल्या आजी, घड्याळजी अशा म्हाताऱ्यांची कुरबुर ऐकून घेणं, हेही त्यांच्याच गळ्यात. पण पुस्तक सर्व्हरवर चढवणं, नव्या माणसाला आत घेणं, मशीन अडलं तर त्याला धक्का मारणं, हे सगळं कोठीच्या खोलीत कीबोर्डापुढे बसून नकाशाबाईच करायच्या. सुट्टीच्या दिवशी नऊताई शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. असं वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं.

मग नकाशाबाईंच्या मुलीला जुळं होणार असल्याची बातमी आली. मुलगी राहते दुसऱ्या देशात. आजीने यायचं आणि निदान वर्षभर तरी राहायचं, असं ठरलं. नकाशाबाई आनंदाने वेड्या झाल्या, सुटकेसचं चाक बसवून घ्यायला नऊताईंच्या नवऱ्याकडे आल्या, आणि चाक बसेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

"घराला कुलूप लागणार," त्या वर येऊन म्हणाल्या. "मशीनचं काय करू?"

त्यांचा एक भाचा होता, बहिणीचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कामातला. गुणी माणूस, पण कामाच्या रगाड्यात पुरता बुडालेला. 'सवड मिळाली की बघतो' असं त्याने मावशीला आनंदाने कबूल केलं होतं, आणि त्याची सवड म्हणजे काय चीज आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

"मी बघेन," नऊताई म्हणाल्या.

"इथून? घरी बसून?"

"इथून. घरी बसून."

नकाशाबाई जन्मभर परीक्षा घेत आलेल्या. मैत्रीतही त्यांनी ती सोडली नाही. "मग माझ्या जाण्याआधी करून दाखव. एक सबंध पुस्तक तू तुझ्या घरून चढवायचंस, माझा हात न लागता. जमलं तर मशीन तुझ्या स्वाधीन. नाही जमलं तर मी ते बंद करून जाईन. लोकांना आज येईल उद्या येईल करत ताटकळत ठेवणं मला नाही सहन व्हायचं."

नऊताईंना राग आला नाही, कारण म्हणणं रास्त होतं. पण त्या रात्री त्यांना झोप लागेना. लोकांची पुस्तकं बंद होतील याचं वाईट वाटत होतंच, पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी स्वतःशी कबूल केलं. मदत घ्यायला त्यांना कधी लाज वाटली नव्हती. मात्र आयुष्यात एक तरी जागा अशी हवी होती की जिथे त्या मालकिणीसारख्या एकट्या वावरतील, कुणाच्या कोपराला धरून नाही. ही जागा त्यांना फार फार हवी होती.

नकाशाबाई कामाला लागल्या. भाच्याला विचारून त्यांनी एक सोय बसवली. सर्व्हरचा पडदा जसाच्या तसा नऊताईंच्या लॅपटॉपवर उमटायचा. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी मोठ्या हौसेने त्या पडद्यावर बटणं मांडली. 'नवं पुस्तक' हिरवं, 'नवा माणूस' निळं, 'थांबव' लाल. कितीतरी दिवस त्यात घातले. मग नऊताईंना फोन करून म्हणाल्या, "उघड. उघडलंस? कसं वाटतंय?"

नऊताईंनी उघडलं. बडबड्या म्हणाला, "चित्र." आणि गप्प झाला.

नऊताईंनी इकडची कळ दाबली, तिकडची दाबली. बडबड्या पुन्हा म्हणाला, "चित्र." त्यात त्याचा काही दोष नव्हता. तो अक्षरं वाचायचा आणि इथे अक्षरं नव्हतीच. पलीकडच्या पडद्याचा जिवंत फोटो होता तो, आणि फोटोतलं अक्षर त्याच्या लेखी ढग नाहीतर डोंगर.

"आवडलं का?" पलीकडून आतुर आवाज आला.

आता इतकी फटकळ बाई, साहेबांना उडवून लावणारी. पण त्या आवाजातली हौस ऐकली आणि त्यांच्या जिभेला कुलूप पडलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "बटणं अगदी ठसठशीत आहेत."

"रंग बघितलेस?"

"बघितले."

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. नवरा समोरच बसला होता. "बघितले?" तो म्हणाला.

"आता तुम्हीच बघा. उद्यापासून बटणं तुम्ही दाबायची."

बिचारा बॅगवाला. गाळा बंद करून वर यायचा, चष्मा नाकावर चढवायचा आणि बायको सांगेल तसा माऊस हलवायचा. दणकट सुया चामड्यातून आरपार काढणारे त्याचे हात त्या इवल्याशा बाणापुढे हार मानायचे. हिरवं बटण कुठंय म्हटलं की तो निळ्यावर जायचा आणि निळ्यावरून हिरव्यावर जाताना लाल ओलांडताना "देवा रे" म्हणायचा. नऊताई दात-ओठ खात गप्प बसायच्या. कोपराला धरून चालणं नको म्हणून हे सगळं करायचं, आणि इथे तर नवऱ्याने अक्षरशः उचलून नेल्यासारखं झालं होतं. दोन-तीन संध्याकाळी अशा गेल्या. जाण्याचा दिवस जवळ येत होता.

भांडं फुटलं ते त्या बाणामुळेच. एका संध्याकाळी नकाशाबाई सहज कोठीच्या खोलीत गेल्या. सर्व्हरचा पडदा चालू होता आणि त्यावर बाण फिरत होता. वाट चुकल्यासारखा डावीकडे जायचा, थबकायचा, पुन्हा उजवीकडे. नकाशाबाई मिनिटभर बघत राहिल्या. आपल्या मैत्रिणीला त्या वर्षानुवर्षं ओळखत होत्या. नऊताई कॉम्प्युटर चालवायच्या तो निव्वळ कळा दाबून. माऊसला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. बाण कुठे आहे हे दिसल्याशिवाय त्याचा उपयोग काय?

त्यांनी फोन लावला. "काय गं, माऊस कधीपासून चालवायला लागलीस?"

इस्पितळाच्या एक्स्चेंजमध्ये खोटं पकडण्यात जिचा हात कुणी धरला नाही, ती बाई खोटं बोलताना सापडली होती. मग नवऱ्याने फोन घेतला आणि चोरासारख्या आवाजात म्हणाला, "नमस्कार. बाण मी आहे."

नकाशाबाई हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. "म्हणजे तुला त्यातलं काहीच... अगं, मी रंग दिले गं त्याला. तुझ्यासाठी! मी किती मूर्ख आहे. इतक्या वर्षांत मला हे कळू नये?" आवाज रडकुंडीला आला होता.

"मूर्ख नाहीस," नऊताई म्हणाल्या. "विसरलीस. ऐक माझं. सकाळी घराबाहेर पडल्यापासून जो भेटतो त्याला पहिल्यांदा हेच आठवतं. लिफ्टवाल्याला आठवतं, बसवाल्याला आठवतं, साहेबांना तर माझ्याशी बोलताना मोठ्याने बोलावं लागतं असंही आठवतं. तू एकटी विसरलीस. मला किती बरं वाटलं सांगू? म्हणून तर खरं सांगवलं नाही." आणि हे अगदी खरं होतं. त्यांना मनापासून आनंद झाला होता, फक्त त्या आनंदाने पुस्तक चढत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी भाच्याला बोलावणं गेलं. मावशीच्या धाकाने तो सवड काढून आला, सोबत बिस्किटांचा पुडा आणि अपराधी चेहरा. नऊताईंच्या टेबलाभोवती सगळे बसले. भाच्याने चहाचा घोट घेतला आणि वाटा सांगायला सुरुवात केली.

"एक कंपनी आहे. आपलं मशीन आणि तुमचा लॅपटॉप, दोघांनी त्यांच्याकडे जायचं, ते मध्ये बसून गाठ घालून देतात. अक्षरं अक्षरंच राहतात, म्हणजे तुमचा तो आवाज वाचू शकेल. बघायचं करून?"

बघितलं. नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि कंपनीने विचारलं की तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. ज्या ज्या चौकोनात पूल दिसतो तो निवडा. बडबड्या म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र."

"इस्पितळातून दाखला आणू का, माणूस असल्याचा?" नऊताई म्हणाल्या.

भाच्याने घाईने दुसरं बटण दाबलं. न दिसणाऱ्यांसाठी आवाजाची सोय होती. खरखरीच्या वादळातून एक माणूस काहीतरी आकडे पुटपुटू लागला. हजारो आवाज ओळखणाऱ्या नऊताईंनी मान तिरकी करून मन लावून ऐकलं. "हा बुडतोय," त्यांनी निकाल दिला. "आकडे राहू देत, आधी त्याला बाहेर काढा." पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चुकला, आणि कंपनीने त्यांना यंत्र ठरवून दार लावून घेतलं. भाचा कानापर्यंत लाल झाला, असं नवऱ्याने नंतर सांगितलं.

"दुसरं म्हणजे," तो म्हणाला, "मावशीच्या घरातल्या इंटरनेटच्या डबीत एक दार थेट उघडायचं. मध्ये कुणी नाही. मग जगातून कुठूनही आत येता येतं."

"आणि वाईट काय त्यात?"

"हेच. जगातून कुठूनही येता येतं. दार उघडल्यावर घटकाभरात कोणी ना कोणी कडी हलवून बघायला लागतं."

नकाशाबाई दाराला तीन-तीन कुलपं लावणाऱ्या. त्यांनी कानांवर हात ठेवले. ती वाट तिथेच बंद झाली.

भाच्याने पुड्यातलं शेवटचं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. "आणखी एक आहे, पण ते मी तुम्हाला सुचवणार नव्हतो. दोन घरांच्या मधून एक खासगी बोळ काढायचा. एक किल्ली तुमच्या लॅपटॉपपाशी, तिची जोडीदार मशीनपाशी. तिसऱ्याच्या हाती किल्ली नाही, आणि मधल्या कंपनीचा हात धरायला नको. एवढं सोपं आहे. पण बोळातून आत गेलं की... काळी खिडकी असते. फार जुनी पद्धत. बटण नाही, चित्र नाही, रंग नाही. नुसती अक्षरं. तुम्ही एक ओळ लिहायची, मशीन उत्तर लिहून देतं. आम्ही कामात वापरतो, पण घरच्या माणसांना देत नाही. घाबरतात. म्हणतात, यात तर काही दिसतच नाही."

मग कोपऱ्यातून पहिल्यांदा बॅगवाल्याला हसू फुटलं, मग नकाशाबाईंना, आणि भाच्याला आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं.

"अरे बाबा," नऊताई म्हणाल्या, "हे आल्या आल्या नाही का सांगायचंस? बिस्किटं तरी वाचली असती."

तासाभरात बोळ तयार झाला. भाच्याने पहिली ओळ सांगितली, नऊताईंनी लिहिली आणि कळ दाबली. क्षणभर काही नाही. मग बडबड्या सुटला. कप्प्यांची नावं घडाघडा म्हणत गेला. समुद्र, पर्वत, चरित्रं, विनोदी, लहान मुलांची, अर्धवट राहिलेली. मराठी नावं परक्या लिपीत लिहिलेली असल्याने तो त्यांचे हाल करत होता, पण नऊताईंना प्रत्येक नाव कळत होतं. जिथे इतकी वर्षं स्टुलावर बसून हुकूम सोडले त्या कोठीच्या खोलीत त्या आज पहिल्यांदा स्वतः शिरल्या होत्या. त्यांनी टेबलाची कडा घट्ट धरली.

"काय म्हणतोय तो?" नकाशाबाईंनी विचारलं. त्या वेगात त्यांना एक शब्द कळला नव्हता.

"तुझी कोठी आवरायला झालीय म्हणतोय," नऊताई म्हणाल्या.

लगेच सगळं आलं असं नाही. काळी खिडकी मोठी हट्टी. एक टिंब चुकलं तरी 'अशी आज्ञा मला माहीत नाही' म्हणून मोकळी. पण नऊताईंना तिचं तेच आवडलं. साहेबांसारखं 'बघतो, कळवतो' नाही, नाही म्हणजे नाही. एकदा मात्र त्यांनी भलतीच ओळ लिहिली आणि विनोदी पुस्तकांचा अख्खा कप्पा गायब झाला. भाच्याने तो परत आणून दिला आणि पुसायची आज्ञा दिली की मशीनने आधी उलट विचारावं, अशी तजवीज केली. पुढचे काही दिवस जेवणाच्या टेबलावर बडबड्याच तेवढा बोलत होता आणि नवरा तक्रार करत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी दीपगृहांवरचं नवं पुस्तक चढवायचं होतं. नकाशाबाई आपल्या घरी, कोठीच्या खोलीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. फोन चालू होता, पण बोलायचं नाही असं ठरलेलं. नऊताईंनी एकेक प्रकरण बोळातून पाठवलं, कप्प्यात लावलं, नावं तपासली, आणि भट्टीवाल्याला फोन करून सांगितलं की ऐकून बघ. हा पाव भाजणारा तरुण, कणीक मळताना ऐकायचा. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, "ताई, लागलं. दिवा पेटवायला म्हातारा जिना चढतोय."

"पास," नकाशाबाई म्हणाल्या, आणि हात मांडीखालून काढून नाक पुसलं.

त्या गेल्या. घराला तिन्ही कुलपं लागली. आत चपलांच्या फळीवर मशीन धापा टाकत राहिलं. नऊताई कामावरून आल्या की चहाचा कप घेऊन बसायच्या आणि बोळातून मैत्रिणीच्या बंद घरात एक फेरी मारायच्या. कुठलं प्रकरण अडकलंय, जागा किती उरलीय, कुणाचं दार उघडत नाही. नकाशाबाई तिकडून नवी प्रकरणं पाठवायच्या, पण कमी कमी. पाळण्याशेजारी वाचणार कसं, आणि तिथल्या कपाटात डोकं मावत नाही म्हणायच्या. फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत नसायचा. नऊताईंना ते ऐकू यायचं.

एका सुट्टीच्या सकाळी नकाशाबाईंचा फोन आला तोच घाबरलेला. "अगं, तिकडे वीज गेली होती का? माझ्या फोनवर सगळं कोरं दिसतंय. शिवणवाल्या आजींनी निरोप ठेवलाय, पुस्तकंच नाहीत म्हणून. भाचा विमानात आहे. गेलं का सगळं?"

"थांब. बघते," नऊताई म्हणाल्या.

काळी खिडकी उघडली. ओळ लिहिली. उत्तर नाही. पुन्हा लिहिली. पलीकडे नकाशाबाई श्वास रोखून आणि मागे एक बाळ जीव खाऊन रडणारं. तिसऱ्यांदा बोळ उघडला आणि नऊताईंच्या जिवात जीव आला. मशीन जिवंत होतं. वीज आल्यावर उठून बसलं होतं, पण पुस्तकांची डिस्क जोडून घ्यायला विसरलं होतं, त्यामुळे सगळे कप्पे रिकामे. त्यांनी डिस्क जोडायची ओळ लिहिली. बडबड्याने कप्प्यांची नावं म्हणायला सुरुवात केली. समुद्र, पर्वत, चरित्रं.

"आहे," त्या म्हणाल्या. "सगळं आहे. एक पान हललेलं नाही."

पलीकडे बाळ रडायचं थांबलं होतं, नकाशाबाईंनी बहुतेक खांद्यावर घेतलं असावं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इथे दिवसभर दुपटी धुते, झबली वाळत घालते. सगळे चांगले आहेत, लेकरं गोड आहेत. पण मला वाटायला लागलं होतं गं, माझं ते सगळं संपलं. आपण नसलो की कोण ऐकतंय?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आत्ता कोणी आहे का तिथे? माझ्या फोनवर अजून काही दिसत नाही."

नऊताईंनी एक ओळ लिहिली आणि बडबड्याचं तडतडणं ऐकून घेतलं. "आहे ना. भट्टीवाला आला. दीपगृहं लावलंय, दुसऱ्यांदा."

"दुसऱ्यांदा?"

"हो. आणि हे घड्याळजी आले. समुद्रप्रवास, पहिल्यापासून. एक नवी बाई आहे, गेल्या महिन्यात घेतली मी, ती चरित्रांत शिरलीय."

"नवी बाई? कोण गं? आणखी कोण आहे?"

आत कोण आलं, कोण गेलं हे नऊताईंना आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलं होतं. आज त्या सांगत होत्या, आणि चांगली डोळस बाई हजारो मैलांवर मांडीवर नातवंड घेऊन त्यांच्या एकेका शब्दासाठी कान देऊन बसली होती. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"थांब," त्या म्हणाल्या. "शिवणवाल्या आजी दारात घुटमळतायत. पासवर्ड चुकला वाटतं. हं, पुन्हा करतायत. आल्या बघ. लहान मुलांच्या कप्प्यात गेल्या."